मामाचं जपानी हॉटेल

माझा मामा विट्याचा. विट्याची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, तसा तोही बारा वर्षं कोइमतूरला दुसऱ्याच्या भट्टीपुढे बसला होता. वर्षातून एकदा दिवाळीला यायचा, ॲसिडच्या धुरानं धरलेल्या छातीनं खोकत खोकत फराळ करायचा आणि भाऊबीज उरकली की जायचा. मामीचा संसार वर्षाकाठी पंधरा दिवसांचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यानं जाहीर केलं, आता परत जायचं नाही, इथंच काहीतरी करायचं. सगळ्यांना वाटलं पिठाची गिरणी टाकेल. यानं शिरवळला हायवेवर जपानी हॉटेल टाकलं.

त्याला कारण होतं. तिथल्या एका कारखान्यात जपानहून इंजिनिअर आले होते आणि त्यांची जेवणाची आबाळ चालली होती. मामानं पुण्यात जपानी पाहुणे उतरणाऱ्या एका गेस्ट हाऊसच्या खानसाम्याच्या हाताखाली तीन महिने काढले आणि स्वतःला तयार समजून परत आला. आत्मविश्वास आमच्या आजोळी सगळ्यांकडेच भरपूर, माहिती बेताची. पाटीवर त्यानं 'जपानी फॅमिली हॉटेल, परवडणारे दर' असं रंगवून घेतलं. फॅमिली एकही फिरकली नाही. ट्रकवाले थांबायचे, पाटी वाचायचे आणि पुढच्या ढाब्यावर जायचे.

शेवटी कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, रविवारी दुपारी मोठ्या साहेबांना जेवायला आणतो. त्यांना पटलं तर सगळ्या जपानी लोकांचं दोन्ही वेळचं जेवण तुमच्याकडे. नाही पटलं, तर मामाला पुन्हा कोइमतूर. तिथल्या मालकानं त्याची जागा अजून भरली नव्हती.

हॉटेल रिकामं दिसू नये म्हणून मामानं आम्हाला साताऱ्याहून गिऱ्हाईक म्हणून बोलावलं. आम्ही म्हणजे आई, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले वडील आणि बारावीच्या निकालाची वाट बघत बसलेली मी. हॉटेलात जायचं म्हणून आई ठेवणीतली इरकल नेसली होती. आत बघते तर खुर्ची नाही. चटया अंथरलेल्या, पुढे चौरंगाएवढी बुटकी टेबलं.

"जमिनीवर बसून जेवायला घरात काय झालं हुतं?" आई म्हणाली.

"जपानात असंच असतं आक्का," मामा म्हणाला. "आणि ऐक. आज तू गिऱ्हाईक हायस. वाढायला उठायचं न्हाई. त्यास्नी कुणी मागं लागल्यालं चालत न्हाई."

वडिलांनी दारातल्या सगळ्यांच्या चपला एका रेषेत लावल्या. जपानीही असंच करतात असं कळल्यावर जपान हा देश त्यांना तिथल्या तिथे पसंत पडला. मग बुरडाकडून करून घेतलेल्या बांबूच्या काड्यांनी त्यांनी भात उचलायचा सराव सुरू केला. साहेब येईपर्यंत त्यांची सात शितं खाऊन झाली होती.

साहेब आले. साठीचे, किरकोळ अंगाचे, अतिशय सभ्य. शेजारच्याच टेबलाशी मॅनेजरबरोबर बसले. मामानं चिकट इंद्रायणीचा भात, फोडणी न दिलेल्या आमटीसारखं दिसणारं सूप, तळलेला मासा आणि पातळ पिठातली भाज्यांची भजी मांडली आणि शिस्तीत आत निघून गेला. साहेब एकेक घास सावकाश खात होते. शेवटचं शीत काडीनं टिपून त्यांनी भाताची वाटी खाली ठेवली. वाटी इतकी स्वच्छ, की विसळायचीही गरज नव्हती.

आईनं ती बघितली. पाहुण्याचं पान रिकामं आणि आपण हातावर हात ठेवून बसलोय, हे तिला जन्मात जमलेलं नव्हतं. ती उठली, भाताचं पातेलं घेऊन आली आणि वाटी शिगोशीग भरली. साहेबांनी मान लववली आणि खाल्लं. वाटी पुन्हा स्वच्छ. आईनं पुन्हा भरली.

"किती दिवसाचा उपाशी हाय कुणास ठाऊक," ती आमच्याकडे वळून हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

चौथ्या वाटीला साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. मॅनेजर आईला खुणा करत होता, पण ती मॅनेजरकडे बघतच नव्हती. वडिलांना दया आली. त्यांनी साहेबांना दिसेल असा आपल्या वाटीवर पंजा आडवा धरून दाखवला. साहेब हुशार. त्यांनी ताबडतोब दोन्ही हात वाटीवर धरले. आईनं त्याचा अर्थ आपल्याकडे जो होतो तोच घेतला, की पाहुणा लाजतोय.

"आवं, घ्या की एवढं," म्हणत तिनं त्यांचे हात अलगद बाजूला केले आणि पाचव्यांदा वाढलं.

तेवढ्यात मामा बाहेर आला. त्यानं आईच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि आत गेला. साहेबांनी पाचवी वाटीही संपवली. मग वडिलांच्या खांद्याचा आधार घेत ते उठले, आईपुढे कमरेत वाकले, बराच वेळ तसेच राहिले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

मॅनेजरनं आईला बाजूला घेतलं. "बाई, त्यांच्यात पानात टाकणं म्हणजे रांधणाऱ्याचा अपमान. तुम्ही वाढत होता म्हणून ते खात होते."

"आणि ते खात हुते म्हनून मी वाढत हुते," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब कामावर आले नाहीत. वडील साताऱ्याला परतले. आई मात्र हलेना, म्हणून मीही थांबले. मामा तिला एक शब्द लागट बोलला नाही आणि तेच तिला सोसत नव्हतं. ती धुतलेलीच भांडी पुन्हा पुन्हा घासत होती. मला तिचा रागही येत होता आणि तिनं घासलेली भांडी मी शेजारी बसून पुसतही होते. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलमागच्या त्यांच्या बिऱ्हाडात मामानं बॅग भरली. मामीनं त्याला घड्या करून एकेक कपडा दिला. मदत करताना कुणाचा चेहरा इतका दगडासारखा झालेला मी कधी बघितला नव्हता.

दहाच्या सुमाराला कारखान्याची जीप आली. ड्रायव्हरनं मॅनेजरची चिठ्ठी दिली. मी मोठ्यानं वाचली. साहेब बरे आहेत. उद्यापासून सहा माणसांचं दोन्ही वेळचं जेवण. सूप कसं करायचं ते साहेब स्वतः येऊन शिकवतील, कारण परवा जे होतं ते सूप नव्हतं. खाली रेघ मारून लिहिलं होतं: भाताची वाटी एकदाच भरावी.

मामा चटईवर बसला आणि कितीतरी वेळ खोकत हसला.

"एका वाटीनं काय हुतंय माणसाचं," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

चिठ्ठी ऐकून मामी मागच्या मोरीत गेली होती. बॅगेतले सगळे घडीचे कपडे तिनं बादलीत कोंबले होते आणि वरून पाण्याचा नळ सोडला होता.

"अगं, धुतलेलेच हायत ते," मामा म्हणाला. "सगळं कशाला भिजवलंस? एक तरी शर्ट ठेवायचा."

मामीनं वळून त्याच्याकडे बघितलं.

"अंगातला बी काढून द्या," ती म्हणाली.