तीनदा उपडा झालेला कप

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या घरी भूत, नवस, श्राद्ध या सगळ्यांना दारातूनच वाटेला लावलं जायचं. शेजारच्या मावशींच्या अंगात आलं, तेव्हा माझ्या बाबांनी त्यांना थर्मामीटर लावला होता! अशा माणसाची मी मुलगी... एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

मी मेलबर्नला ग्लेन वेव्हर्लीत राहते, आयटीत आहे. मिचिको-सान नावाच्या ऐंशीच्या जपानी बाईंकडे मागची खोली भाड्याने घेतली आहे. हॉलमध्ये त्यांचा छोटासा देव्हारा — आत बुद्धमूर्ती, शेजारी नवऱ्याचा फोटो. रोज कुकरमधला पहिला भात आणि चहा तिथे ठेवल्याशिवाय त्या स्वतः घास घेत नाहीत. खोली बघायला आले, तेव्हा मूर्तीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "यू बुद्धिस्ट?"

मी पटकन म्हणाले, "नो, नो."

आहे मी बौद्ध. पण ऑस्ट्रेलियात आल्यापासून सात वर्षं मी आडनाव गिळूनच टाकलं होतं. मराठी ग्रुपमध्ये मी नुसती 'पुण्याची वैशाली'. आडनाव कळलं की समोरच्याचे डोळे कसे बदलतात, ते कॉलेजात पोटभर पाहिलं होतं. इथे ते पुन्हा नको होतं. पण मिचिको-सान रोज त्या मूर्तीपुढे वाकायच्या आणि मी मोबाईलमध्ये तोंड घालून बाजूने निघून जायचे, तेव्हा स्वतःचीच लाज वाटायची.

ऑगस्टमध्ये त्यांचा ओबोन आला. गेलेल्या माणसांना तीन दिवस घरी पाहुणे म्हणून बोलवायचं, असा तो सण. शनिवारी सकाळी त्या म्हणाल्या, "तुझ्या माणसांसाठीही एक कप ठेवते."

"आम्ही हे मानत नाही."

"नो वरीज. फक्त चहा."

त्यांनी काढला तो घरातला सर्वांत मानाचा कप — कधीकाळी फुटलेला, सोनेरी रेघांनी सांधलेला; जपानी लोकांत असा सांधलेला कप नव्याहून मोलाचा. चहा भरून देव्हाऱ्यातल्या ट्रेमध्ये ठेवला आणि आम्ही दोघी किचनमध्ये गेलो. परत आलो तर कप उपडा, ट्रेमध्ये चहाच चहा. मला वाटलं, त्यांच्याकडून नीट ठेवला गेला नसेल. पुसून पुन्हा ठेवला, फडकं धुऊन आलो... पुन्हा उपडा! घरात मांजर नाही, इथे ऑगस्टात थंडी म्हणून खिडक्या बंद, हीटर चालू. तिसऱ्यांदा मी स्वतः ठेवला आणि समोर मांडी घालून बसले. फोन वाजला म्हणून एकदाच खाली बघितलं. वर बघते तर कप उपडा — आणि जरासुद्धा आवाज झाला नव्हता. मी उठून दारापर्यंत मागे सरले.

मिचिको-सान मात्र घाबरल्या नाहीत. "तुझ्या पाहुण्यांना हा कप नको आहे," त्या म्हणाल्या आणि मला विचारलं, "का?"

तेव्हा मला आजी आठवली. बाबांची आई. झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. स्टाफरूममध्ये तिचा कप वेगळा — कान तुटलेला, तडा गेलेला, खिडकीत ठेवलेला. एक दिवस तिने तो धुतला, उपडा घातला आणि रिटायर होईपर्यंत शाळेत चहाचा घोट घेतला नाही.

हे सगळं मी मिचिको-सानना सांगितलं, आडनावासकट. ऑस्ट्रेलियात आल्यापासून पहिल्यांदा. रडतही होते आणि अभिमानाने ऊर भरूनही आला होता. ही आजी मी लपवत होते? हिला तर मिरवायला हवं होतं!

मिचिको-सान देव्हाऱ्यासमोर कपाळ टेकून म्हणाल्या, "सॉरी, टीचर." मग त्यांनी लग्नातल्या सेटमधला अख्खा कप काढला. तो तिन्ही दिवस सरळ राहिला.

त्याच शनिवारी दुपारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, ट्रुगानिनाला माझ्या मैत्रिणीच्या, शर्वरीच्या, नव्या घराची वास्तुशांत होती. जेवताना तिच्या सासूबाईंनी विचारलंच, "आडनाव काय गं तुझं?" एरवी मी ताक आणायच्या निमित्ताने उठले असते.

"कांबळे," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध. माझी आजी शिक्षिका होती, काकू. तिची एक गोष्ट सांगू?"

आणि भरल्या पंगतीत मी तिच्या स्टाफरूममधल्या कपाची गोष्ट सांगितली. एकदाही आवाज कापला नाही. शर्वरी म्हणाली, "सात वर्षं ओळखतो यार आपण! बोलली का नाहीस?"

"घाबरत होते. आता नाही."

काकूंनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याही मागच्या दारी होता गं असा एक कप." त्यांनी उठून स्वतःच्या हाताने मला पुरणपोळी वाढली. मी दोन खाल्ल्या, वर तुपाची धार. खरं सांगू? लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

परतताना गाडीतून बाबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "भूतबीत काही नसतं. देव्हाऱ्याची फळी कललेली असेल. लेव्हल लावून बघ."

नंतर हार्डवेअरच्या दुकानातून लेव्हल, ती बुडबुडेवाली गवंड्याची पट्टी, आणून मी लावलीसुद्धा. फळी अगदी सपाट आहे. मग कप कसा उलटला, तेही तीनदा? मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले,

"त्या चांगल्या कपातला... घेतला का गं आईने चहा?"