सात दिवसांत मायभूमी

रुमेना काराजोवाने आपला देश जितक्या वेळा पाहिला, तितक्या वेळा कुणी पाहू नये. मन विटतं. बेलोग्रादचिकचे लाल खडक, रिलाचा मठ, तर्नोवोचा किल्ला आणि शेवटी काळ्या समुद्रात पाय बुडवायला एक मोकळा दिवस, अशी ती सोफियाहून निघणारी सहल. नाव 'आपली सुंदर मायभूमी'. एप्रिल ते ऑक्टोबर रुमेना बसच्या तोंडाशी उभी, हातात माइक, तोंड प्रवाशांकडे आणि पाठ रस्त्याकडे. "मायभूमीकडे पाठ करून तिचं कौतुक करणारी देशात मी काही एकटी नाही," असं ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. पेन्शनर मंडळी हसायची. ज्यांना विनोद कळायचा नाही त्यांना ती पुढच्या सीटवरून मागे बसवायची.

बस ग्रोझ्दानची. म्हणजे कंपनीची, पण ग्रोझ्दान तिला आपलीच समजायचा आणि तिच्याशी भांडायचाही. कुठल्या किल्ल्यात कोण राजा होऊन गेला याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. कुठल्या गावात आतड्यांचं सूप लसूण-व्हिनेगर मारून नीट मिळतं, यावर मात्र त्याचा शब्द शेवटचा. रुमेनाबरोबर त्याने पंचवीसेक वर्षं काढली होती. तिच्या नवऱ्याने त्याच्या निम्मीही काढली नाहीत. किरिल एका हंगामापुरता संत्री तोडायला स्पेनला गेला तो गेलाच. कुणी विचारलं की रुमेना म्हणायची, "संत्री अजून संपली नाहीत."

गाइड म्हणून ती लागली ती कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यात. तेव्हा बंधुराष्ट्रांची शिष्टमंडळं यायची, आणि त्यांना काय सांगायचं ते टाइप करून, वरून मंजूर होऊन यायचं. मंजुरी देणाऱ्या साहेबांचं नाव लोझानोव्ह. त्यांच्या लाल पेन्सिलीला देवाचं वावडं होतं. रिलाचा मठ म्हणजे 'लाकडी कोरीवकामाचं आणि लोकजागृतीचं केंद्र', एवढंच म्हणायचं. भिंतीवरचे दाढीवाले संत म्हणजे 'त्या काळचे कष्टकरी'. एका व्हिएतनामी पाहुण्याने एकदा विचारलं होतं, या सगळ्या कष्टकऱ्यांच्या डोक्यामागे सोन्याची ताटं का आहेत? रुमेनाने क्षणभरही न थांबता सांगितलं, "उत्पादनवाढीचा पुरस्कार."

मग एका हिवाळ्यात राज्य पडलं आणि उन्हाळ्यापर्यंत सगळा पाठ बदलला. ज्या गुहेत पक्षाचा वीर लपला होता, तिथे आता एक साधू तप करू लागला. गुहा तीच, ओल तीच, वटवाघळंही तीच. रुमेनाने नवा पाठ घोकला. तोही तिने कित्येक वर्षं इमानाने म्हटला. पण सनावळी सुरू झाली की बस झोपायची. एक दिवस तर्नोवोच्या वाटेवर सगळी बस घोरत असताना तिने सहज सांगून टाकलं, की इथला एक राजा कोंबड्यांना इतका घाबरायचा की अंडं दिसलं तरी सिंहासनावर पाय वर घेऊन बसायचा. बस जागी झाली. एका बाईने तर राजाचं नाव विचारलं. रुमेनाला नाव सुचेना, म्हणून ती म्हणाली, "नाव त्याने लाजेने खोडून टाकलं."

त्या दिवसापासून ती सुटलीच.

लोझानोव्ह तिला पुन्हा भेटले ते मे महिन्यातल्या एका सहलीत. प्रवासी म्हणून, बायकोसकट. म्हातारे झाले होते, पण ताठ, आणि गळ्यात अंगठ्याएवढा क्रूस. रस्त्यात चर्चचं छप्पर दिसलं की ते छातीवर क्रूसाची खूण करायचे. आणि त्या रस्त्यावर चर्चं काही कमी नाहीत. रुमेनाने त्यांना पाहताक्षणी ओळखलं. त्यांनी तिला ओळखलं नाही. लाल पेन्सिलीला कागद आठवतात, माणसं नाही.

बेलोग्रादचिक अजून लांब होतं तेव्हा बसने वाफ सोडली. ग्रोझ्दानने शिव्या देत गाडी ब्रेस्तोवेन नावाच्या गावात कशीबशी ओढली. गाव म्हणजे एक ओढा, ओढ्यावर एक कडा, चार धुरांडी आणि एक बाक. बाकावर एक म्हातारी घेवड्याचे दाणे निवडत बसली होती.

"किती वेळ लागेल?" रुमेनाने विचारलं.

"तिला विचार," ग्रोझ्दान इंजिनात डोकं घालून म्हणाला. "रुसलीय."

चाळीस पेन्शनर उन्हात उभे. कुणाला बाथरूम हवं, कुणाला पैसे परत. रुमेनाने इकडेतिकडे पाहिलं आणि कड्याकडे हात केला.

"मंडळी, आपण इथे मुद्दामच थांबलोय. हा समोर दिसतोय तो कुमारीचा कडा. तुर्की पाशाचे स्वार मागे लागले तेव्हा गावातली सर्वांत सुंदर मुलगी..."

"कुमारी?" बाकावरून आवाज आला. "या गावात?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. म्हातारी मान वर न करता दाणे निवडत होती.

"मुलगीबिलगी काही नाही," ती म्हणाली. "सासू पडली तिथून. आणि पडली म्हणजे काय, सुनेने ढकलली."

"का हो, मावशी?" एका बाईने विचारलं.

"का म्हणजे? तुला सासू नव्हती का गं?"

बायकांनी टाळ्याच वाजवल्या. लोझानोव्हबाईंच्याही हातांची टाळी होता होता राहिली. रुमेनाला घाम फुटला. एवढ्या वर्षांत तिच्या हातातून माइक कुणी काढून घेतला नव्हता, आणि या बाईने तर माइकशिवायच काढून घेतला.

"पण मावशी," ती गोड आवाजात म्हणाली, "पाशा तर आला होता ना?"

"आला होता की. खाली सासू पडलेली बघितली, वर सून कमरेवर हात ठेवून उभी बघितली, आणि घोडा वळवला. म्हणाला, इथली बायको नको रे बाबा."

"आणि जाताना घाईत घोड्याची चांदीची रिकीब इथेच पडली," रुमेना म्हणाली. आता तीही पेटली होती.

"पडली. सुनेने ती वितळवून चमचे केले."

"ते चमचे पुढे मठात गेले."

"पाच गेले. सहावा माझ्याकडे आहे. दाखवणार नाही."

ग्रोझ्दान इंजिन उघडं टाकून ऐकायला आला होता. मंडळी ओढ्याकाठच्या दगडांवर बसली. बाथरूम कुणालाच आठवेना. तेवढ्यात लोझानोव्ह पुढे झाले.

"हे सगळं कोणत्या साधनांच्या आधारावर?"

म्हातारीने पहिल्यांदा मान वर केली. "हे कोण?"

"इतिहासाचे निवृत्त निरीक्षक," रुमेना म्हणाली.

"निवृत्त झालास ना?" म्हातारी म्हणाली. "मग बस की खाली."

तिचं नाव नेदेल्का. बस गार झाली तरी तिच्या अंगणातून कुणी हलेना. तिने ताक दिलं, भाजलेल्या मिरच्या दिल्या, आणि पुरुषांना राकिया, म्हणजे जर्दाळूची घरगुती दारू दिली. ग्रोझ्दानने ती फक्त हुंगली, पण बराच वेळ हुंगली.

दुसऱ्या दिवशी रिलाला लोझानोव्हांनी भिंतीवरच्या प्रत्येक संताचं चुंबन घेतलं. रुमेना मागे उभी होती. शेवटी तिला राहवेना.

"सावकाश, साहेब. कष्टकरी दमतील."

त्यांनी वळून पाहिलं, डोळे बारीक केले, आणि मग चेहऱ्यावरून कळलं की आता आठवलं. सोफियाला पोचल्यावर त्यांनी कंपनीच्या मालकाला फोन केला. राष्ट्राच्या इतिहासाची विटंबना, वगैरे.

मालकाने रुमेनाला बोलावलं. "तू लोकांना खोटं सांगतेस?"

"साहेब, खरं सांग असं मला आजवर कुणी म्हटलंच नाही. आधी एक पाठ करून घेतलंत, मग दुसरं. तिसरं मी माझं घरून आणलं, एवढंच."

मालकाला हसू आलं होतं, पण त्याने ते दाबलं आणि तिला घरी बसवलं. तिच्या जागी एक तरुण आणला. सगळी सनावळी तोंडपाठ आणि प्रत्येक प्रवाशाला कानात घालायला यंत्र. बस इतकी शांत झोपायची की ग्रोझ्दानलाही डुलक्या येऊ लागल्या. त्याने सरळ सांगितलं, अपघात झाला तर मी जबाबदार नाही. इकडे फोन यायला लागले. पेन्शनर बायका मैत्रिणींना घेऊन पुन्हा येणार होत्या, पण एकच प्रश्न विचारायच्या: सासूचा कडा दाखवणार का? जुलै उजाडायच्या आत रुमेना परत बसमध्ये होती, आणि ब्रेस्तोवेन छापील पत्रकात, तर्नोवोच्या खाली, फोटोसकट.

मग सहा उन्हाळे त्या दोघींची जुगलबंदी चालली. रुमेनाने सुरुवात करायची, नेदेल्काने मोडायची. दर खेपेला काहीतरी नवं. एकदा सासू पडताना झाडात अडकली आणि तिथून आठवडाभर सुनेला स्वयंपाकाच्या सूचना देत राहिली. ते ऐकून रुमेनालाच इतकं हसू फुटलं की तिला बसमागे जावं लागलं.

हिवाळ्यात सहली बंद. मग रुमेना साध्या प्रवासी बसने, हातात पिशवी घेऊन ब्रेस्तोवेनला जायची आणि आठ-पंधरा दिवस राहायची. दोघी मिळून कोबीचं लोणचं घालायच्या, चुलीपाशी पाय शेकायच्या. तिथे रुमेना माइकवर कधी बोलली नव्हती ते बोलायची. किरिलबद्दल, रिकाम्या घराबद्दल.

"परत आला तर घेशील घरात?" नेदेल्काने एकदा विचारलं.

"काय माहीत."

"घेऊ नकोस. मी दुसऱ्याला घेतला होता परत. आठवडाभरात पस्तावले." नेदेल्काचे तीन नवरे झाले होते. पहिला डॅन्यूबने नेला, दुसरा शेजारणीने, तिसरा छातीच्या दुखण्याने. आणि पहिल्याची आई! भांड्यातले घेवड्याचे दाणे मोजून ठेवायची, सून खाईल म्हणून. ती आठवण सांगताना नेदेल्काचा आवाज अजून थरथरायचा. रुमेना तिचा हात हातात घेऊन बसायची.

सातव्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी नेदेल्का गेली. झोपेत. चाळिसाव्या दिवसाचं जेवण नेमकं पहिल्या सहलीच्या वेळी आलं. मालकाला न विचारता ग्रोझ्दानने बस ब्रेस्तोवेनला वळवली. त्यात निम्म्या जुन्याच बायका होत्या. त्यांनी फुलं आणली होती, एकीने चांदीचा चमचा.

थडग्यापाशी पाद्रीबाबांची प्रार्थना म्हणून झाली. उकडलेला गोड गहू वाटला गेला. मग पाद्रीबाबा रुमेनाला म्हणाले, "तुम्हाला बोलायची सवय आहे. दोन शब्द सांगा."

रुमेनाने घसा साफ केला. "नेदेल्कामावशीने आयुष्यात फार सोसलं. तीन नवरे..."

तिची बाही कुणीतरी ओढली. शेजारची त्सोना होती, लाल गालांची, साठीची. ती कानाशी लागून म्हणाली, "अहो, कुठले नवरे? लग्नच नव्हतं केलं तिने."

"काय?"

"कधीच नाही. मुरंब्याच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं केलं शेवटपर्यंत. मग एकटी."

"मग ती सासू?"

"कुठली सासू, बाई?"

आधी रुमेनाला रागच आला. अख्ख्या देशाला तिने फसवलं होतं, आणि तिला फसवलं एका लेबलं चिकटवणारीने, तेही चुलीपाशी बसवून, हात हातात देऊन. आपण रडलो होतो त्या घेवड्याच्या दाण्यांसाठी. मग तिला ती खोली आठवली, ती चूल, तो एकच कप, आणि इतकी वर्षं त्या खोलीत स्वतःलाच सोबत म्हणून माणसं जमवत बसलेली ती बाई. नवरे, सासू, शेजारीण. सगळं घर भरून.

लोक थांबले होते. हातात गव्हाच्या वाट्या. गावातल्या प्रत्येकाला खरं माहीत होतं, आणि बसमधल्या एकालाही नाही.

"तीन नवरे," रुमेना पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मोठा लागला. "पहिला डॅन्यूबने नेला..."

तिने सगळं सांगितलं. शेजारीण, छातीचं दुखणं, सासू, दाणे. गावकरी माना खाली घालून ऐकत होते. एकानेही अडवलं नाही. तिसरा नवरा गेला, रुमेना थांबली, आणि त्सोना आपले लाल गाल पुसत एकदम म्हणाली,

"चौथाही होता. त्याचं का नाही सांगत?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. पाद्रीबाबांनी आधी खोकून पाहिलं, मग राकियाचा पेला उचलला.

निघताना रुमेना बसमागे जाऊन रडली. ग्रोझ्दानने तिला डिझेलचा वास मारणारा रुमाल दिला आणि पाठ करून उभा राहिला.

बाकावर आता त्सोना बसते. रुमेनाने दोन शनिवार खर्च करून तिला शिकवलं: कुठे अडवायचं, कुठे पाशाला आणायचं, निरीक्षकासारखा कुणी निघाला तर काय म्हणायचं. आवाज चांगला आहे तिचा, डोकंही चालतं. पण अजून कच्ची आहे. सासू झाडात अडकली की तिला मध्येच हसू येतं.