चौकात ठिवलेली निळी बॅग

बारा मानसं एका झेंड्यामागं चालली की किस्सं गोळा करावं लागत न्हाईत, आपोआप साचत्यात. तंदूरच्या तोंडाला काजळी साचती तसं. खरवडून काढा, दुसऱ्या दिवशी परत हायेच!

मी जपानात ग्योतोकूत हाटेलात तंदूरवर आसतो. शाळा सातवी, तीबी मास्तराच्या दयेनं. आमच्या गल्लीतली दुकानदार मंडळी औंदा प्रागला गेली, युरोपातलं जुनं शहर बगायला. मलाबी नेलं. गल्लीचं म्होरकं मोरी-सान. टोफूचं दुकान, वय शहात्तर. त्यांनी झेंडा माझ्याच हातात दिला.

म्या म्हनलं, "मला इंग्लिस येत न्हाई."

"इंग्लिस कशाला? तुमचा आवाज नदीपल्याड जातो!"

निघताना पोरगी म्हनाली, तेबी जपानीतच, "बाबा, तिकडं ओरडू नको. आन् शनवारी ये." शनवारी तिच्या शाळेत बापांची पळायची शर्यत. दोन्ही शब्द देऊन निघालो.

*

पैल्या दिवशी लॉजच्या दारात आठला जमायचं ठरलं. मी आठाला दोन मिनिटं कमी असताना रुबाबात खाली उतरलो. आकराच्या आकरा जन रांगेत हुबं! कवापासनं, ते देवालाच ठावं.

मोरी-साननी काळजीनं इचारलं, "रात्री तब्येत बिघडली का?"

*

तिथल्या जुन्या दगडी पुलावर दोन्ही अंगाला संतांचं पुतळं. एकाच्या पायाशी पितळी कुत्रं. त्याला हात लावला की नशीब उघडतं म्हनं. लोकांनी हात लावून लावून पार सोन्यावानी केलंय.

आमच्या लाँड्रीवाल्या उएदा-सान फुडं गेल्या. पर्समधनं ओला टिश्यू काढला, कुत्रं नाकापासनं शेपटापतूर पुसलं, मंग एक बोट लावलं.

मागच्या गोऱ्या मानसांना वाटलं, हीच इथली रीत! लागली की रांग. एक मडम तर हात जोडून टिश्यू मागाया लागली. उएदा-सान आपल्या वाटत बसल्या.

"चला आता!" म्या म्हनलं.

"थांबा हो, आजून चार भक्त ऱ्हायल्यात!"

*

किल्ल्यातल्या मोठ्या देवळाम्होरं मोरी-सान टोपी काढून हुबं. "कवाचं हाय बगा हे, जाधव-सान. शेकडो वर्सांचं!"

मला न्हाई राहावलं. "आमच्या गावातलं देऊळबी लई जुनं हाय. त्याच्या सावलीला आमी म्हशी बांधतो."

वाटलं, म्हातारा हसंल. तर त्यांनी खिशातनं वही काढली. "कुठल्या स्टेशनला उतरायचं?"

*

जुन्या वस्तीतली एक गल्ली, म्हंजे दोन म्हशी शेजारनं जानार न्हाईत एवढी. त्यात समोरनं एक मोटार घुसली आन् लागली हॉर्न बडवायला. पोरीचा शब्द आठवायच्या आदीच माझ्या तोंडातनं गेलं, "डोळं फुटलं का रं तुझं!"

गाडी थांबली. गडी काच खाली करून माझ्याकडं खुन्नस देऊन बगाया लागला.

तेवढ्यात माझ्या मागचं आकरा जन एका रांगेत कमरंतनं वाकलं. माफी मागितली माझ्यावतीनं! गडी लाल झाला. काच वर केली आन् गल्ली संपंस्तोवर गाडी उलटी नेली.

मोरी-सान सरळ हुईत म्हनलं, "ओरडून गाडी थांबती. वाकून मागं जाती."

*

आता ह्यो शेवटचा.

जपानात हाटेलात जागा धरायची तर लोक टेबलावर पर्स न्हाईतर फोन ठिवून बिनघोर रांगेला जात्यात. कोन हात लावत न्हाई. म्या एकदा मोरी-सानना सांगितलं हुतं, आमच्याकडं यष्टीच्या खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात.

"मंग रुमाल कोन नेत न्हाई?"

"रुमाल न्हाई नेत. जागा नेत्यात!"

तर बेस्तरवारी, आमचा तिथला शेवटचा दिस. दुसऱ्या दिवशी सकाळी इमान. समद्यांचं पासपोर्ट आन् माझं जपानात राहायचं कार्ड मोरी-सानच्या निळ्या बॅगेत. हरवाय नको म्हनून!

मोठ्या चौकात गेलो. तिथल्या जुन्या घड्याळातनं तासाला बाहुल्या भाईर येत्यात, त्या बगितल्या. मंग मनोऱ्यावर चढलो. वर मोरी-सान धापा टाकत म्हनलं, "खाली कॉफी पिऊ. मी चौकातलं टेबल धरून आलोय."

"कशानं?"

"बॅगेनं."

युरोपात! भर चौकात! पासपोर्ट गेलं, कार्ड गेलं, इमान गेलं. शनवारी पोरगी रांगेत हुबी ऱ्हाऊन बाप शोधनार!

कठड्यावरनं खाली वाकलो. मगाशी पाय ठिवाय जागा नव्हती, त्या चौकात आता चिटपाखरू न्हाई. कडंनी पोलिसांची पट्टी बांधल्याली. पट्टीमागं हजार मानसं श्वास धरून हुबी. मधी एकच टेबल. टेबलावर निळी बॅग. आन् तिच्याकडं पोलिसांचं एक काळं कुत्रं पोट घासत, हुंगत, दबकत निघाल्यालं.

शब्द गेला खड्ड्यात! बेंबीच्या देठापासनं बोंबललो, "एऽऽ! आमची हाय ती! आत पासपोर्ट हायत!"

अख्ख्या चौकानं मान वर केली. कुत्र्यानंबी.

मोरी-सान कठड्याला धरून खाली बगत हुतं. त्यांचं डोळं भरून आलं.

"बगा जाधव-सान, किती सज्जन लोक! आपुन एक टेबल धरलं, ह्यांनी सगळा चौक राखून ठिवलाय!"