सोड म्हणजे काय सोड?

फाटकाच्या डाव्या खांबाचा कोपरा फुटलेला आहे. गिलावा निघालाय, आतली वीट दिसते. ज्या घरात कपाचा कान तुटला तर संध्याकाळच्या चहाच्या आत तो चिकटवून मिळतो, त्या घरात हा कोपरा वर्षानुवर्षं तसाच राहिला, याचं कारण आळस नव्हे. तो मुद्दाम ठेवला होता. पाहुणे आले की दाखवायला.

दाखवणारे म्हणजे इंजिनियर. खरं तर ते इंजिनियर नव्हते. पाणीपुरवठ्याच्या गोदामात पाइप आणि व्हॉल्व्ह देता-घेता त्यांची नोकरी संपत आली होती. पण गल्लीत नळ गळो, पंखा अडो, मिक्सर जळो, ते हातात पाना घेऊन हजर, म्हणून हे नाव पडलं. दिलेल्या वस्तूंपैकी काही त्यांच्या हातून चालू होऊन परतही यायच्या.

त्यांची बायको बालवाडीत शिकवायची. त्यामुळे शाळेत बाई आणि गल्लीतही बाईच. फक्त धाकटे दीर त्यांना ‘खांबवहिनी’ म्हणत.

त्याची गोष्ट अशी. गाडी घेतली त्या वर्षी इंजिनियरांनी बायकोला ती चालवायला शिकवायचं मनावर घेतलं. अंगणातून फाटकाकडे जाताना ते एकदम ओरडले, “सोड, सोड, अगं सोड!” आणि बाईंनी घाबरून स्टिअरिंग सोडलं. गाडी सरळ जाऊन खांबावर. “मी म्हणतोय क्लच सोड, आणि हिने स्टिअरिंगच सोडलं की हो!” हे वाक्य इंजिनियर तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आले होते. ‘की हो’वर ते थांबत, दीर मांडीवर थाप मारत, आणि मग सगळी मंडळी बाहेर जाऊन खांब बघून येत. बाई तेवढ्या वेळात रिकामे कप गोळा करत. त्या हसत असत, कारण न हसून सांगता कुणाला? पण त्यांना ते लागायचं. दर वेळी तितकंच लागायचं. त्या दिवसानंतर त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या नाहीत, आणि कुणी बस म्हटलंही नाही.

परवा गाडीच्या मागच्या चाकाशी तेलाचा डाग दिसला. इंजिनियरांनी ब्रेक दाबून पाहिला तर पेडल थेट तळाशी.

“ब्रेकची नळी गंजून फुटलीय,” गाडीखालून बाहेर येत त्यांनी जाहीर केलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. “बदलून टाकतो.”

“अहो, गॅरेजात द्या. ब्रेक आहेत ते, मिक्सर नाही.”

“ब्रेक काय आणि मिक्सर काय! नळी म्हणजे पाइप. आणि पाइपात तर माझा जन्म गेला.”

जन्म पाइपात गेलेल्या माणसाची सुट्टीच्या दिवशीची सकाळ त्या पाइपाच्या दोन टोकांवरच्या नटांनी खाल्ली. नट गंजून नळीशी एकजीव झाले होते. आधी गंज सोडवायचं तेल मारून झालं, मग तापवून झालं, मग शिव्या देऊन झाल्या. पाना घसरून नटाचे कोपरे गोल झाले, इंजिनियरांची बोटं सोलली. अंगणात चाकं, फडकी, डबे यांचा असा पसारा पडला की बाईंना कपडे वाळत घालायला चार उड्या मारून दोरीपर्यंत जावं लागलं. शेवटी त्यांनी जुनी नळी चक्क कापून काढली, नवी नळी रंगाच्या डब्यावर दाबून जुनीसारखी वाकवली आणि कशीबशी बसवली. तोवर जेवणं गार झाली होती.

जेवून हात धुताना ते म्हणाले, “आता फक्त हवा काढायची राहिली. त्याला दोन माणसं लागतात. शेजारी गावाला गेलाय. तूच ये.”

“मी काय करायचं?”

“ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं.”

बाई हात पुसत होत्या त्या पुसतच राहिल्या. पण संध्याकाळी दीर-जाऊ चहाला येणार होते आणि अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या जाऊन बसल्या. सीट मागे सरकवलेली होती. त्यांनी ती पुढे ओढून घेतली. समोर काचेतून फाटक दिसत होतं, आणि तो खांबही.

“नीट ऐक,” इंजिनियर खिडकीशी वाकून म्हणाले. “नळीत हवा शिरली की ब्रेक लागत नाही. ती हवा काढायला चाकामागे एक छोटा नट असतो. मी म्हटलं ‘दाब’, की तू पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. मग मी तो नट ढिला करणार, तेलाबरोबर हवा बाहेर येणार, मी नट पुन्हा आवळणार. त्यानंतर मी म्हणेन ‘सोड’. तेव्हाच सोडायचं. नट उघडा असताना पाय सोडलास तर हवा परत आत जाते, सगळी मेहनत पाण्यात. कळलं?”

“कळलं.”

“आणि पाय सोडायचा हं. स्टिअरिंग नाही!”

स्वतःच्या विनोदावर खदाखदा हसत ते गाडीखाली गेले. बाई हसल्या नाहीत. इथे कप गोळा करायची सोय नव्हती.

“दाब!” खालून आवाज आला.

“दाबलंय.”

काहीतरी कुरकुर, पत्र्यावर पाना घासल्याचा आवाज, आणि मग “सोड...” बाईंनी पाय उचलला.

“अगं! का सोडलंस?”

“तुम्हीच म्हणालात ना.”

“मी? मी तोंड तरी उघडलं का? नट उघडा होता! गेली हवा आत. पुन्हा दाब.”

पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी बाईंनी कान टवकारून ऐकलं, ‘सोड’ नक्की ऐकू आलं, पाय उचलला, आणि खालून ओरडा आला, “पाय आहे की काय आहे तुझा? जरा स्थिर ठेवता येत नाही?” चौथ्या वेळी त्या भीतीने पाय उचलेचनात, तर इंजिनियर ओरडले, “अगं सोड ना, सोड म्हटलं तरी सोडत नाहीस!”

असं किती वेळ चाललं, कुणास ठाऊक. ब्रेकच्या तेलाची बाटली संपत आली. पेडल तसंच मऊ, पायाखाली लोण्यात बोट घातल्यासारखं. पाठ अवघडली, पोटरीत गोळा आला, ऊन काचेतून थेट डोळ्यांवर. आणि खालून एकसारखं चालू होतं: साधं काम आहे, लहान मूलही करेल, लक्ष कुठे असतं, आज संध्याकाळी सांगतोच धाकट्याला, खांबवहिनीने आज सगळे ब्रेक हवेवर चालवले म्हणावं.

ते शेवटचं ऐकलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे नवी गोष्ट तयार होत होती. आता ही सांगितली जाणार, थाप मांडीवर पडणार, आणि मंडळी बाहेर येऊन गाडी बघून जाणार. जुनी कमी होती म्हणून ही दुसरी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच त्यांना अधिक राग आला. आपल्याला खरंच भास होतायत का, असंही क्षणभर वाटून गेलं.

पण बाई रोज सकाळी दप्तरं, डबे आणि गळकी नाकं यांच्यामध्ये उभं राहून सूचना देत असत. वर्गात नुसतं “ठेवा” म्हटलं की काय होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कुणी पेन्सिल ठेवतं, कुणी डोकं बाकावर ठेवतं, आणि एक पोरगी शेजारणीच्या डब्यावर हात ठेवते. त्यात मुलांची चूक नसते. काय ठेवायचं हे सांगितलेलं नसतं.

“दाब!”

बाईंनी पेडल दाबलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून कान खाली लावला. पुटपुटणं ऐकू आलं. “सोडतोय... सोडतोय रे बाबा, ये बाहेर...” त्यातला ‘तोय’ चाकाच्या आत कुठेतरी जिरत होता. सीटपर्यंत पोचत होतं ते नुसतं ‘सोड’.

“अहो, बाहेर या.”

“आता काय आणखी?”

“या म्हटलं ना.”

इंजिनियर सरपटत बाहेर आले. कपाळाला तेल, भुवईवर गंज.

“नट ढिला करताना तुम्ही काय म्हणता?”

“काही म्हणत नाही.”

“म्हणता. सोडतोय म्हणता.”

“ते होय? ते मी नटाला म्हणतो. माझं मला. कामाच्या नादात.”

“आणि मला काय म्हणता?”

“तुला? सोड म्हणतो.”

हातातला पाना त्यांनी विनाकारण फडक्याने पुसला.

“मग नटाचं सोड कुठलं आणि माझं सोड कुठलं, हे माझ्या पायाने कसं ओळखायचं?” बाईंचा आवाज चढला. “तासन्‌तास मला बोलताय! आणि त्या दिवशीही तुम्ही नुसतं सोडच म्हणाला होतात. काय सोड, ते सांगितलं होतंत? एकदा तरी?”

“त्याचं आता काय,” इंजिनियर म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली जायला वाकले.

“थांबा. यापुढे माझ्या पायासाठी ‘उचल’ म्हणायचं. ‘सोड’ हा शब्द आज तोंडातून काढायचा नाही. नटालासुद्धा नाही.”

“शाळा आहे का ही?”

“हो.”

मग काम सरळ झालं. दाब. दाबलंय. उचल. दाब. दाबलंय. उचल. नळीतून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग तेलाची सलग धार. एकेक चाक करत ते पुढे सरकले आणि शेवटी पेडल पायाखाली कसं दगडासारखं घट्ट झालं. बाईंना ते पायालाच कळलं. ‘चुकलं माझं’ एवढं ऐकायला त्या तशाच बसून राहिल्या. इंजिनियर हात पुसत म्हणाले, “या बाटलीतलं तेल चांगलं निघालं.”

नळीतली हवा तेवढी निघाली होती. इंजिनियरांच्या डोक्यातली जागच्या जागी होती. बाई चहा टाकायला आत गेल्या.

चाकं बसवून गाडी जॅकवरून उतरली तोच दीर आणि जाऊबाई आल्या. चहा अंगणातच झाला. “आता हळूहळू चालवून ब्रेक बघायचा, माणसाच्या चालीने, इथल्या इथेच,” इंजिनियर सांगत होते. “चहा झाला की बघतो.”

“तुम्ही एकट्याने केलंत हे, दादा?” दिरांनी विचारलं.

“एकट्याने कसलं! खांबवहिनी होत्या ना मदतीला.” दिरांचा हात मांडीकडे निघालाच. इंजिनियर खुर्चीत सरसावून बसले. “अरे, मी नट उघडतोय आणि ही पाय काढून घेतेय! शेवटी मीच डोकं लढवलं. म्हटलं, शब्दच बदलून टाकू. पाय म्हणजे उचल! पण तोवर हिने काय केलं होतं माहितीये? जसं त्या दिवशी, मी म्हणतोय क्लच सोड, आणि हिने स्टिअ...”

“बस!”

सगळे वळून बघायला लागले. बाई हातात ट्रे घेऊन उभ्या होत्या. इंजिनियरांचं तोंड उघडंच राहिलं. लग्नापासून ‘अहो’ म्हणणारी बायको एकदम एकेरीवर आली, की ‘पुरे’ म्हणाली, हे त्यांना कळेना.

बाईंनी ट्रे जावेच्या हातात दिला, रिकामे कप टेबलावर तसेच राहू दिले, गाडीपाशी गेल्या आणि पलीकडचं दार उघडून धरलं.

“बसा. इकडे, बाजूला. ब्रेक मी बघते.”

“अगं, पण तू...”

“दुपारभर तो ब्रेक माझ्याच पायाखाली होता. बसा.”

इंजिनियर बसले. नाही म्हणायला तोंड होतं कुठे? बाईंनी गाडी सुरू केली. पहिला गिअर पडला. इंजिनियरांनी डॅशबोर्ड धरला, त्यांच्या तोंडून “सो...” बाहेर पडलं आणि तिथेच अडकलं.

“क्लचवरचा पाय,” ते सावकाश म्हणाले, “हळूहळू उचल. स्टिअरिंग घट्ट धरून ठेव. थांबायचं असेल तेव्हा क्लच आणि ब्रेक दोन्ही दाब.”

एवढंच तर होतं. हे त्यांना तेव्हाही बोलता आलं असतं.

गाडी हलली. बाईंनी ती फाटकाच्या मधोमध नेली नाही. सरळ डाव्या खांबावर धरली. तिथे बघायला जाऊन उभे राहिलेले दीर उडी मारून बाजूला झाले. खांब काचेत मोठा होत गेला, विटेचा लाल तुकडा दिसू लागला, आणि बाईंनी दाबलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली. फुटका कोपरा बंपरपासून वीतभर लांब होता.

कुणी हसलं नाही. दीर म्हणाले, “वा, वहिनी,” आणि या वेळी आधी ‘खांब’ जोडला नाही.

इंजिनियरांनी काचेतून त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “याला उद्या गिलावा करून टाकतो.”

बाईंनी हँडब्रेक ओढला.

“उद्या कशाला?” त्या म्हणाल्या. “उजेड आहे अजून.”