पक्क्या वहीतले डाग

नऊ वर्षं मी रोज सकाळी सूर्यावरचे डाग काढले. टोकावड्याला आमच्या खळ्यात छोटी दुर्बीण उभी करायची, तिच्यातून येणारा सूर्याचा गोल पांढऱ्या पुठ्ठ्यावर धरायचा आणि दिसतील ते डाग पेन्सिलीने वहीत उतरवायचे. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सर म्हणजे धसईच्या शाळेत मला विज्ञान शिकवणारे. दुर्बीणही त्यांचीच. सूर्याचं अकरा वर्षांचं एक चक्र माझ्या हाताने पुरं व्हावं, एवढीच माझी हाव. मोठा पुंजका दिसल्यावर दोन दिवसांनी फोनवर सौरज्वाळेची बातमी आली की मी जावेला सुनवायचे, "बघ, मला आधीच दिसला!"

"तुझा सूर्य वेगळा हाय काय गो?" ती म्हणायची.

महिनाअखेर माझी कच्ची वही सरांकडे जायची. ते सुवाच्य अक्षरात पक्की वही करून तिची नक्कल अशा नोंदी गोळा करणाऱ्या मंडळाकडे पाठवायचे.

दिवाळीनंतर तिथल्या बाईंचा फोन आला. "आषाढात तुमच्याकडे सलग बावीस दिवस सूर्य दिसला?"

मी हसलेच. "आषाढात? बाई, आमच्याकडे तेव्हा कपडे वाळत नाहीत!"

"तुमच्या नोंदीत आहे. दर वर्षी आहे. तुमच्या खऱ्या नोंदी दाखवा, नाहीतर सगळंच बाद करावं लागेल."

तशीच एसटीने धसई गाठली. सर ओटीवर वाल सोलत होते. विचारलं तर म्हणाले, "अगं, कोऱ्या जागा बऱ्या दिसतात का? इंटरनेटवर बघूनच भरल्या. तुझे राहून गेलेले डागही मीच घातले. खोटं काहीच नाय."

तपासणीच्या आदल्या दिवशी हजेरीपट भरतात, तसं! ढग असले की 'ढग' लिहायचं, हे मला ह्याच माणसाने शिकवलं. ज्यांच्या पाया पडून वही द्यायचे, त्यांनीच केसाने गळा कापला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

"माझ्या कच्च्या वह्या द्या."

"त्या होय? पक्की झाली की बंबात जातात गो."

पाणी तापवायला! मी ओटीवरच्या कोनाड्यातली पक्की वही काढून त्यांच्या मांडीवर आदळली. "ह्यातले माझे डाग कुठले, तेवढं तरी सांगा."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. बरीच पानं उलटली, परत मागे गेले.

"आता ते मलापण नाय सांगता येणार," म्हणाले.