गल्लीतले फोन एकदम का वाजायचे

सात घरांतले फोन एकाच वेळी वाजायचे, आणि त्यावरून आमच्या चौकीत जो तपास झाला तो मी कधी विसरणार नाही. मी तेव्हा गुजरातेतल्या नवागामच्या चौकीत होमगार्ड होते. बंदोबस्त करायचा, चौकीत एखादी बाई आणली की तिच्याजवळ बसायचं, हे माझं काम. खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी साहेब लोक सांगतील. माझं शिक्षण चौथीपर्यंत, मला हीच सांगता येते. नावं कोणाची घेत नाही, कारण त्या बायका अजून मला भाजीबाजारात भेटतात.

बातमी दिली ती पानाच्या गल्ल्यावरच्या, म्हणजे टपरीवरच्या, माणसाने. सकाळची हजेरी चालू होती, तेव्हा तो आला आणि जमादारांच्या कानाशी लागला.

"त्या मागच्या गल्लीत चोरीचं टेलिफोन एक्स्चेंज चालतंय. सगळ्यांचे फोन एकदम वाजतात आणि बायका आकड्यांत बोलतात."

"सट्टा?" जमादारांनी विचारलं.

"सट्टा असेल. नाहीतर फॉरेनचे फोन असतील. टीव्हीवर दाखवलं होतं."

"काहीतरी एक सांग ना."

"आजकाल सगळं एकाच दुकानात मिळतं, जमादार."

आम्ही हसलो, पण साहेब हसले नाहीत. आमचे पीएसआय साहेब गुजराती, वयाने तरुण, डोक्याने शांत. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की परदेशातले फोन इंटरनेटवरून आणून इथल्या नंबरांवर वळवतात, असे गुन्हे खरंच होतात. खात्री न करता बातमी सोडायची नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बेन, तुम्ही साध्या कपड्यांत जा. तुम्हाला त्यांची भाषा येते. आणि तुम्ही बोलत नाही, ते बरं आहे. ऐकून या."

मी एक साडी पिशवीत घातली आणि लेस लावून घ्यायच्या निमित्ताने त्या गल्लीत गेले. सगळी घरं आमच्या खान्देशातली. पुरुष लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, बायका घरी बाजारातल्या साड्यांना टिकल्या आणि लेस लावणाऱ्या. मी ओट्यावर बसले. थोड्याच वेळात फोन वाजले. एक नाही, सगळे! या ओट्यावर, त्या स्वयंपाकघरात, मोरीच्या कट्ट्यावर, सगळीकडे एकच धून. कोणी हात पुसत धावलं, कोणी मांडीवरची साडी टाकून. एकीने उचलला तसे बाकीचे गप्प झाले.

"चाळीस पीस, दोन लाइन, पाच नंबर, उद्या सकाळी," ती ओरडली. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी चौकीत येऊन ऐकलं तसं सांगितलं. ते आकडे कामाचेच वाटतात, टिकल्या पाच नंबरच्या असतात, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "असेल. पण एक्स्चेंज चालवणारा पाटी लावून बसत नाही."

दोन पंच घेऊन आम्ही झडतीला गेलो. हे सगळं चालवणारी बाई त्याच गल्लीतल्या एका घरातली मधली सून होती. मी तिला वहिनीच म्हणते. घरात एक मोबाइल सापडला आणि फळीवर इंटरनेटचा एक पांढरा डबा. डब्याला हळदीकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. जमादारांना वाटलं, मिळालं मशीन.

"याची पूजा का करता?"

"नवीन वस्तू घरात आल्यावर तुमच्याकडे काय करतात, भाऊ?" वहिनी म्हणाली.

आम्ही वहिनीला चौकीत आणलं, तशा तिच्यामागून बाकीच्या सहाजणीही आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. सगळ्या तिच्या जावा आणि नणंदा. दाराबाहेरच्या बाकावर त्या वयाप्रमाणे ओळीने बसल्या. सगळ्यांत मोठी जाऊ दाराला अगदी लागून, म्हणजे आतला प्रत्येक शब्द तिला ऐकू जावा.

साहेबांनी जबाब घ्यायला सुरुवात केली. रायटर लिहीत होता.

"तुमचं एक्स्चेंज कुठे आहे?"

"साहेब, एक्स्चेंज माझं नाही, कंपनीचं आहे. कंपनी लायसनवाली आहे. मी तिची एजंट."

"मग तुम्ही काय करता?"

"म्हैस मी पाळत नाही, धार मी काढत नाही. मी नुसतं घरोघर दूध घालते."

रायटरने मान वर केली. "साहेब, म्हैस लिहू?"

साहेबांनी त्याला हाताने थांबवलं आणि वहिनीला नीट सांगायला लावलं. आधी कामाचे गठ्ठे एक दलाल आणायचा, त्याला वाटेल त्या घरात टाकायचा. हिने कुठेतरी ऐकलं की इंटरनेटवरचा एक नंबर घेता येतो, व्यापाऱ्याने तो लावला की तो हव्या तितक्या घरांतल्या मोबाइलवर वाजतो. तिला तारेतलं काही कळत नव्हतं. ती कंपनीच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, मला हे समजत नाही, पण ज्यांना हवंय ते मला माहीत आहेत. कंपनीने तिला एजंट केलं. पहिलं गिऱ्हाईक तिची स्वतःची गल्ली. फोन जी उचलेल तिने काम घ्यायचं आणि सगळ्यांत वाटायचं. मग भेस्तानचा एक टिफिनवाला आणि एक शिंपी तिच्याकडून नंबर घ्यायला तयार झाले होते.

"काही बिघडलं तर?"

"कंपनीला फोन करते. ते काय म्हणतात ते मला कळत नाही, मी काय म्हणते ते त्यांना कळत नाही. पण फोन चालू होतो."

बाहेरच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. इथवर सगळं ठीक होतं. साहेबांनी कंपनीला स्पीकरवर फोन लावला. तिकडच्या माणसाने लायसनची प्रत पाठवली, वहिनीचं नाव एजंट म्हणून सांगितलं. मग तो म्हणाला, "साहेब, त्यांचं सेटिंग मात्र चुकीचं आहे. सगळे असं करतात की पहिला फोन उचलला नाही तर दुसरा वाजतो, मग तिसरा. यांनी सगळे एकदम वाजायला लावलेत. आम्ही कितीदा सांगितलं, ऐकतच नाहीत."

साहेबांनी फोन ठेवला. "एकदम का?"

वहिनीने एकदा दाराकडे बघितलं.

"कोणी उचलला ते कळू नये म्हणून?"

ती पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. इतका वेळ घडाघडा बोलणारी बाई एका साध्या प्रश्नाला अडली होती. साहेबांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "बेन, कारण सांगितलं नाही तर मला हे वर कळवावं लागेल. मोबाइल आणि डबा तपासणीला जातील, परत कधी येतील ते मी सांगू शकत नाही."

सणाचे दिवस तोंडावर आलेले. नंबर बंद पडला असता तर व्यापारी परत दलालाकडे गेले असते. चौकीत नेलेल्या बाईकडून टिफिनवाल्याने आणि शिंप्यानेही नंबर घेतला नसता. हे तिला कळत होतं. तिचे डोळे भरले, पण ती बोलली नाही.

मी साहेबांना विचारून तिला मागच्या बाजूला पाण्याच्या माठाकडे नेलं. तिला ग्लास दिला आणि काही विचारलं नाही. पाणी पिऊन ती हळूच आमच्या अहिराणीत म्हणाली, "मन्ही जेठानी दारमा बशेल शे. तिना देखता कशी सांगू?"

मग तिने सांगितलं. आमच्या घरांत लग्नाचं आवतन द्यायचं तर कोणाकडे आधी गेलं यावरून वर्षवर्ष अबोला चालतो. मोठीकडे आधी गेलं तर नणंद रुसते, नणंदेकडे गेलं तर मोठी. कंपनीने विचारलं, आधी कोणाचा फोन वाजू द्यायचा? तिने सांगून टाकलं, सगळ्यांचा एकदम.

मी आत जाऊन साहेबांना हे हळू आवाजात सांगितलं. ते हसू दाबत म्हणाले, "आमच्याकडे कंकोत्री, लग्नाची पत्रिका, उशिरा मिळाली तर आत्याचे यजमान, आमचे फुवा, मांडवात पाय ठेवत नाहीत. मला पटतं. पण पटणं म्हणजे पुरावा नाही."

त्यांनी परत कंपनीला फोन लावला आणि सेटिंग एकामागून एक, कुठल्याही क्रमाने, करायला सांगितलं. मग दाराबाहेर कोणाला काही न सांगता स्वतःच्या मोबाइलवरून वहिनीचा तो इंटरनेटवरचा नंबर लावला.

बाकावर एकच फोन वाजला. सगळ्यांत धाकट्या जावेचा. तिने उचलायच्या आधीच मोठी उभी राहिली.

"हिना फोन पहिले का बरं वाजना? मना लगनले पंचवीस वरीस झायात!"

"मना काय दोष, जिजी?" धाकटी रडवेली झाली.

"दोष नाही तर आवाज कोठून येतो?" नणंद मध्ये पडली. "माझा तर वाजलाच नाही. माहेरी आता नणंदेला कोण विचारतं!"

क्षणात बाकावर जे सुरू झालं ते थांबवायला जमादारांना दोनदा काठी आपटावी लागली. साहेब खुर्चीत मागे टेकून रायटरला म्हणाले, "लिहा. एकदम वाजण्याचं कारण समक्ष तपासून खात्री केली. गुन्ह्याची बाब आढळली नाही." सेटिंग परत होतं तसं झालं. वहिनीला तिचा मोबाइल आणि डबा परत मिळाले. लायसनची प्रत आणि एजंटचा कागद दाराशी लावून ठेवा, एवढी समज दिली.

आता गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. वहिनीने बाहेर येऊन खालमानेने सगळ्यांना सांगितलं की तुमच्यापैकी कोणी रुसू नये म्हणून मी असं केलं. मोठीने पदराने तिचे डोळे पुसले आणि ती म्हणाली, "वेडी कुठली. पण हे निदान मला तरी आधी सांगायचं!"

साहेबांना हसू आवरेना, म्हणून ते आत गेले.

होमगार्डमधून मी आता निवृत्त आहे. चौकीत माणूस गप्प बसला की आम्ही त्याच्यावर संशय घेतो, ते चूक नाही, पुष्कळदा तसंच असतं. पण काही माणसं स्वतःचं नुकसान होत असतानाही कोणाचं तरी मन सांभाळत गप्प बसतात. त्या प्रकरणानंतर कोणी उत्तर देईनासं झालं, की मी आधी दाराबाहेर कोण बसलंय ते बघून यायचे.