बाईनं न बघितलेला दुसरा भाग

सिनेमा बघताना बाईचं तोंड कधी बंद नसायचं. बाई म्हणजे माझी बायको. पोरं तिला बाई म्हणायची, मग मीही तेच म्हणू लागलो. पडद्यावर कुणी मरत असलं तरी ती मधेच बोलणार, आणि तिचं बोलणं खोटं काढता यायचं नाही.

गुडघे गेल्यावर आम्ही ऊसतोड सोडली आणि जामखेडजवळ गावी येऊन राहिलो. लेकीनं, सुमननं, टीव्ही घेऊन दिला. त्यावर एकदा उडणाऱ्या माणसाचा सिनेमा लागला. बाई शेंगा फोडत बसली होती.

"आवं, पांघरून घिऊन उडतोय ह्यो. बाभळीत अडकला म्हंजी?"

मग त्यानं राक्षसाला मारायच्या नादात एक माडी पाडली. "आता ही दगडमाती कोन उचलनार? ह्याचा बा? लई बळ हाय, पर कामाला वळन न्हाई. मुकादमानं एक दिस ठिवला नसता."

शेवटी तो एकटाच ढगात निघून गेला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. ती म्हणाली, "समदं जग वाचवलं, पर ह्याला घरी भाकर कोन देतं? अर्धा कोयताच हाय की बिचारा."

दुसरा भाग नगरच्या थेटरात लागला तेव्हा तिला एवढंच बघायचं होतं, त्याला जोडीदारीण मिळाली का. तिला एसटीत चढवत नव्हतं. सुमन म्हणाली, "बाई, थोडं थांब. काही महिन्यांनी मोबाईलवर येतो, रीतसर."

मला कुठला दम. बाजारात एकाकडून मेमरी कार्डात भरून आणला. मोबाईलवर लावला, तर पडद्याच्या खालून एक काळं डोकं उठून चालू लागलं.

"हे डोस्कं कुनाचं?"

"थेटरातल्या मान्साचं. कुनीतरी बसून मोबाईलात काढलाय."

"म्हंजी चोरून." तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. बाईचं हे जुनंच. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. दुसऱ्याच्या फडातलं वाढं तिनं कधी आपल्या म्हशीला घातलं नाही, म्हैस हंबरत असली तरी. "तुमीच बघा. मी सरळ रस्त्यानं आल्यावर बघीन."

मला राग आला. म्हटलं, "मग बस वाट बघत."

ती बसली. खरंच बसली. दर पंधरा दिवसांनी विचारायची, "आला का वो?" मी म्हणायचो, "न्हाई." कुणाला विचारून नव्हे, रागानं. पुढं राग गेला, तरी सवयीनं तेच म्हणत राहिलो. आजारात तिचं विचारणंही बारीक झालं. शेवटच्या आठवड्यात तिनं विचारलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. असा मी माणूस.

वर्षश्राद्धाला सुमन आली. माझा मोबाईल चाळत म्हणाली, "दादा, तुमच्या रिचार्जातच हाय की सिनेमाचं ॲप. बाईचा तो दुसरा भागबी हाय. लई दिस झालं त्याला येऊन, बाई चालतीबोलती हुती तवाच."

"येगळं काय करावं लागतं?"

"काय न्हाई. ह्या चित्रावर बोट ठिवायचं."

मी माझ्या बोटाकडं बघितलं. ऊस तोडून तोडून वाकडं झालेलं बोट. तिच्यासाठी तेवढंही हललं नाही.

सुमन गेल्यावर दुपारी गोठ्यात गेलो. बाई दुपारची तिथंच बसायची, पोत्यावर. मोबाईल तांब्याला टेकवला आणि बोट ठेवलं. चित्र स्वच्छ होतं, कुणाचं डोकं मधे आलं नाही. मारामारी मागच्यापेक्षा जास्त, गोष्ट पातळ. माड्या याही वेळी पाडल्या, माती कुणी उचलली नाही. बाईनं फाडून खाल्ला असता.

शेवटाला तो उडणारा खाली उतरला. एका दारात एक बाई उभी होती. तिनं त्याला काही विचारलं नाही, आत घेतलं आणि ताट वाढलं.

मी पोत्याकडं बघून म्हणालो, "मिळाली गं त्याला."

म्हशीनं तेवढी मान वर केली.